सलग सुट्टी, पाऊस आणि तंबू: मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पावसातला कॅम्प बहुतेक वेळा रात्री दोन-अडीचला फसतो. स्लीपिंग बॅगांची पायाकडची बाजू ओली झालेली असते, धाकटं कुडकुडत उठून बसलेलं असतं आणि अंगात घालायला कोरडं काही उरलेलं नसतं. दिवसा भिजण्याने फारसं बिघडत नाही, मुलांना तर ते आवडतंच. म्हणून सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती करायची: झोपायची जागा, अंथरूण-पांघरूण आणि रात्रीचे कपडे काहीही झालं तरी कोरडे राहिले पाहिजेत. बाकीचं भिजलं तर भिजू दे.

पुढचा क्रम दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि गाडी तंबूजवळ उभी करता येईल अशी जागा गृहीत धरून दिला आहे. सामान पाठीवर घेऊन डोंगर चढायचा असेल तर हिशेब वेगळा, आणि पहिल्या पावसाळी कॅम्पला तो नकोच.

बेत ठरवताना

सलग सुट्टीत कॅम्पच्या जागा आधीच भरतात. उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला येते ती खोलगट, चिखलाची, स्वच्छतागृहाच्या वाटेवरची जागा. बुकिंग करतानाच नकाशा पाहून थोडी उंचावरची जागा मागून घ्या. रस्त्याला सुट्टीची गर्दी असणार, तेव्हा नेहमीच्या दीडपट वेळ धरा आणि अंधार पडायच्या किमान तीन तास आधी पोचा. पावसात तंबू उभारायला कोरड्या दिवसापेक्षा दुप्पट वेळ लागतो. त्यात अंधार आणि भुकेली मुलं यांची भर नको.

पहिल्या खेपेला घरापासून दोन तासांच्या आत जा, आणि सुट्टी तीन दिवसांची असली तरी मुक्काम एकच रात्र करा. तिसरा दिवस तंबू वाळवण्यात जातो, ही थट्टा नाही.

अंदाज पाहताना ‘पाऊस आहे की नाही’ एवढंच बघू नका. चार गोष्टी बघा: तासागणिक किती पाऊस, वाऱ्याचे झोत किती, रात्रीचं किमान तापमान आणि विजांचा इशारा. दिवसभरात १५ मिमी भुरभुर पडली तर कॅम्प मजेत होतो. तेवढाच पाऊस अर्ध्या तासात कोसळला तर जमिनीवरून पाणी वाहायला लागतं. उंच कौटुंबिक तंबूंना ताशी ४० किमीच्या पुढचे झोत जड जातात. विजांचा किंवा पुराचा इशारा असेल, तर बेत पुढे ढकलायचा. ही मर्यादा घरीच, सगळ्यांसमोर ठरवून टाका. गाडीत सामान चढलं की नाही म्हणायला कोणाची जीभ रेटत नाही.

तंबूची घरच्या घरी परीक्षा

पावसाला दुहेरी तंबू हवा: आत श्वास घेणारं जाळीदार कापड, बाहेर जमिनीजवळपर्यंत येणारं पाणीरोधक आवरण. आवरण फक्त टोपीसारखं माथ्यावर बसणारं असेल, तर तो तंबू कोरड्या रात्रींसाठी ठेवा. ‘चार जणांचा’ म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील एवढा. पावसात सामानही आत येतं आणि भिंतीला कोणी टेकून चालत नाही, म्हणून चौघांना सहा जणांचा घ्या. पुढे पडवी असलेला मिळाला तर उत्तम.

कापडावर लिहिलेला मिमीचा आकडा म्हणजे कापड पाण्याचा किती उंच स्तंभ पेलतं याचं माप. आवरणाला १५०० मिमी कामचलाऊ, ३००० मिमी निर्धास्त. तळाला मात्र ३००० ते ५००० हवा, कारण गुडघा किंवा कोपर टेकवला की त्या एका ठिकाणी पावसापेक्षा कितीतरी जास्त दाब पडतो. ओल्या जमिनीतलं पाणी तळातून वर येतं ते अशाच जागी. नायलॉनचं आवरण ओलं झालं की ताणलं जाऊन ढिलं पडतं, पॉलिएस्टर फारसं ढिलं पडत नाही. नायलॉन वाईट असं नाही, पण त्याचे तणावे, म्हणजे आवरण मेखांशी ताणून धरणाऱ्या दोऱ्या, रात्रीतून एक-दोनदा घट्ट करावे लागतात हे माहीत हवं.

निघायच्या आठवडाभर आधी तंबू मोकळ्या जागी उभा करा. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बागेच्या नळीने वरून १५ मिनिटं पाणी मारायचं. आतल्याने टॉर्च घेऊन शिवणी तपासायच्या. गळती सहसा कापडातून होत नसते. ती होते शिवणीवरची पट्टी सुटली तिथून, दोऱ्या शिवल्या आहेत त्या कोपऱ्यांतून आणि चेनच्या टोकाशी. गळणाऱ्या शिवणीला सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लेप, लावून दिवसभर वाळू द्या. सीलंट घेताना कापडावरचा लेप बघा: सिलिकॉनच्या लेपाला सिलिकॉनचंच लागतं, पॉलियुरेथेनवरचं त्याला चिकटत नाही. त्याच वेळी मेखा मोजा, पोलच्या आतली लवचीक दोरी ओढून बघा आणि मुलांनाही तंबू एकदा उभारू द्या.

कपडे आणि बांधाबांध

सुती कपडे आणि जीन्स घरी राहू द्या. सूत पाणी धरून ठेवतं, अंगाची ऊब ओढून घेतं आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर किंवा लोकर चालते. प्रत्येकाचे तीन जोड: एक भिजायचा, एक तंबूजवळ बसायचा, एक फक्त झोपायचा. झोपायच्या जोडात पायमोजे आणि टोपी आली, आणि तो जोड अंगात असताना तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा. मुलांना मोज्यांचे जोड दिवसाला तीनच्या हिशेबाने घ्या. रेनकोटसोबत पावसाळी पँट हवीच, नाहीतर अंगावरून ओघळलेलं सगळं पाणी मांड्यांवर येतं. गमबूट मुलांना सगळ्यात सोयीचे.

प्रत्येक बॅगेच्या आत जाडसर कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घाला, सामान भरा, हवा दाबून काढा आणि तोंड पिळून बांधा. बॅगेवरून घालायच्या रेनकव्हरपेक्षा हे भरवशाचं. रेनकव्हर पाठीकडून उघडंच असतं. स्लीपिंग बॅगांना दुहेरी पिशवी. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की तिच्यातली फुगीर हवा जाते आणि ऊबही जाते, म्हणून पावसाला कृत्रिम भरणाची बरी. खाली मॅट हवीच, कारण थंडी वरच्यापेक्षा जमिनीतून जास्त लागते.

गाडीत सामान भरताना उलटा क्रम लावा. पोचल्यावर आधी लागणारं शेवटी चढवायचं: ताडपत्री, दोऱ्या, मेखा, हातोडी सगळ्यात वर, त्याखाली तंबू. स्लीपिंग बॅगा तळाशी.

जागा बघताना

पोचल्या पोचल्या सामान काढू नका. आधी पाच मिनिटं चाला. पाणी कुठून वाहून गेलं आहे हे जमीन सांगते: एकाच दिशेला झोपलेलं गवत, काडीकचऱ्याच्या रेघा, मऊ गाळाचे थर, तडकलेला चिखल. अशी खूण दिसली तर ती जागा कितीही सपाट आणि सुंदर असो, सोडा. कोरडा ओढा आणि त्याचा काठ तर नकोच, वर कुठेतरी पाऊस झाला की इथे आभाळ निरभ्र असतानाही पाणी येतं. नदी-ओढ्यापासून किमान ६० मीटर लांब आणि पाण्याच्या पातळीपेक्षा चांगलं उंच.

अगदी सपाटपेक्षा किंचित उतार चांगला, पाणी थांबत नाही. डोकं चढाच्या बाजूला येईल असं झोपायचं. वर मान करून वाळक्या फांद्या बघा, ओल्या वजनाने त्या वाऱ्याशिवायही पडतात. एकट्या उंच झाडाखाली आणि डोंगराच्या धारेवर तंबू नको. झाडाखाली आणखी एक कटकट: पाऊस थांबल्यावरही पानं तासभर ठिबकत राहतात.

तंबूभोवती चर खणायचा मोह होईल. खणू नका. बऱ्याच ठिकाणी मनाई असते, माती उकरल्याने पुढच्या पावसात ती जागा धुपते, आणि जागा नीट निवडली असेल तर चराची गरजही नसते.

उभारणी

मुलांना गाडीत खाऊ देऊन बसवा. मग:

१. आधी ताडपत्री. ३ × ४ मीटरची पुरते. दोन झाडांच्या किंवा खांबांच्या मध्ये साधारण दोन मीटर उंचीवर दोरी ताणून बांधा, तिच्यावर ताडपत्री टाका, वाऱ्याकडची बाजू खाली ओढा. मुद्दाम उतार ठेवा. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, तेव्हा १२ चौरस मीटरच्या ताडपत्रीवर १० मिमी पावसात १२० लिटर येतं. मध्ये झोळ राहिला तर हे सगळं तिथे साठतं आणि कडी उपटून खाली येतं. एक कोपरा इतरांपेक्षा खाली बांधा, म्हणजे पाणी एकाच ठरलेल्या ठिकाणी पडेल. पाणी दोरीवरूनही चालत आत येतं. त्यासाठी ताडपत्रीच्या कडेपासून वीतभर बाहेर दोरीला एक सुतळीचा तुकडा गाठ मारून लोंबता सोडा. ओघळ तिथेच खाली ठिबकतो.

२. ताडपत्रीखाली तंबू उघडा. आवरण आधी उभारता येणारा तंबू असेल तर काम सोपं. आतला भाग आधी उभारावा लागत असेल, तर तो जमिनीवर पसरून लगेच आवरण त्यावर टाका आणि पोल आवरणाखालून घाला. जरा झटापट होते, पण आतला भाग कोरडा राहतो. उभा झाला की दोघांनी कोपरे धरून ठरलेल्या जागी न्यायचा.

३. तंबूखाली मेणकापड घालायचं असेल तर ते तळापेक्षा सगळीकडून पाच सेंटिमीटर लहान ठेवा किंवा आत दुमडा. बाहेर डोकावणारी कड पाऊस झेलते आणि पाणी थेट तंबूखाली नेते. ‘तंबू गळतो’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा ही एक कड असते.

४. मेखा तंबूपासून बाहेर कललेल्या, पूर्ण आत ठोका. ओल्या मातीत बारीक गोल मेखा सुटतात. २० सेंटिमीटरच्या पुढच्या, इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षराच्या आकाराच्या मेखा धरून राहतात. तरीही निघत असेल तर मेखेवर जड दगड ठेवा, दोरीच्या गाठीवर नव्हे.

५. सगळे तणावे लावा. पाऊस साधाच आहे म्हणून नवखे लोक निम्मे तणावे पिशवीतच ठेवतात. त्यांचं काम वाऱ्यापुरतं नाही, बाहेरचं आवरण आतल्या कापडापासून दूर ठेवणं हेही त्यांचंच काम. दोन कापडं चिकटली की त्या जागेतून ओल आत येते. तासाभराने आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एक फेरी मारून ढिले झालेले तणावे ओढा.

तंबू उभा झाल्यावर आधी मॅट आणि झोपायच्या पिशव्या आत, भिंतीपासून १० सेंटिमीटर आत सरकवून. एकच दार वापरायचं असं ठरवा. दाराबाहेर पायपुसणं, दाराच्या आत एक कोरडं फडकं आणि स्पंज. पडवीत चपला-बूट आडवे, तोंड आतल्या बाजूला. ओले रेनकोट पडवीत किंवा ताडपत्रीखालच्या दोरीवर. ओली वस्तू तंबूच्या आत येणार नाही हा नियम मुलांना एकदा समजावला की तीच मोठ्यांवर लक्ष ठेवतात.

स्वयंपाक, पाणी, दिवसाचा वेळ

पहिल्या रात्रीचं जेवण घरून करून आणा, फक्त गरम करायचं. पुढचं सगळं एका भांड्यात होणारं, भाज्या चिरून डब्यात भरलेल्या. गॅसच्या छोट्या शेगडीवर एक लिटर पाणी उकळायला वारा नसताना साधारण १५ ग्रॅम गॅस धरा. वारा असेल तर दुप्पट जातो, म्हणून वारारोधक पत्रा सोबत ठेवा, पण गॅसचा डबा त्याच्या आत कोंडू नका. ओल्या लाकडांची शेकोटी पेटवण्यात संध्याकाळ घालवू नका. ते स्वतंत्र कसब आहे आणि मुलांना धूरच मिळतो.

शेगडी ताडपत्रीखाली, चारी बाजूंनी वारं खेळेल अशी. तंबूत किंवा बंद पडवीत शेगडी, कंदील, कोळशाची सिगडी काहीही पेटवायचं नाही, कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. विझत आलेले कोळसे तर सर्वांत फसवे, ज्वाळा नसते पण वायू निघत राहतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी अशी लक्षणं एकापेक्षा जास्त जणांना एकदम आली तर सगळ्यांना तात्काळ मोकळ्या हवेत काढा आणि वैद्यकीय मदत बोलवा.

पावसात ओढ्याचं पाणी गढूळ होतं. पिण्याचं पाणी घरूनच न्या. वापरावंच लागलं तर भांड्यात निवळू द्या, कापडातून गाळा आणि खळखळून एक मिनिट उकळा. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

मुलांना दिवसभर तंबूत कोंडलं की भांडणं आणि ओल दोन्ही वाढतात. दोन-अडीच तासांनी त्यांना भिजायच्या जोडात बाहेर काढा: डबकी मोजणं, पानांच्या होड्या, ओल्या मातीतले ठसे शोधणं. परत आल्यावर ताडपत्रीखाली टॉवेलने पुसणं, कोरडे मोजे, गरम काहीतरी प्यायला, या क्रमाने. पत्ते आणि एखादा बैठा खेळ संध्याकाळसाठी राखून ठेवा. दिवसा तो काढला की रात्री काही उरत नाही. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी आणि डोक्याला लावायचा दिवा.

रात्र

सकाळी आतल्या कापडावर थेंब दिसले की तंबू गळला असं वाटतं. बहुतेकदा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. रात्रभरात एका माणसाच्या श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटर तरी पाणी हवेत जातं. चौघांचं दोन लिटर. ते बाहेर जायला वाट हवी, नाहीतर थंड आवरणावर जमतं आणि टपकतं. पावसाच्या भीतीने झरोके बंद करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. वरचे झरोके उघडे ठेवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं आवरण खालून थोडं उचला. ओळखायची सोपी रीत: थेंब सगळीकडे बारीक असतील तर वाफ, एकाच जागी ओघळ असेल तर गळती.

झोपायच्या आधी सगळ्यांनी स्वच्छतागृहाला जाऊन यायचं, मग शेवटचं अंग पुसून झोपायचे कपडे. गाडीची किल्ली, टॉर्च आणि रेनकोट हाताशी. गाडी परतीच्या दिशेला तोंड करून लावलेली असू द्या.

कधी गुंडाळायचं

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळ्यांना काचा बंद करून पक्क्या छपराच्या गाडीत किंवा इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. तंबू आणि ताडपत्री विजेपासून अजिबात वाचवत नाहीत.

गारठा लागायला बर्फ पडावा लागत नाही. १० अंशांच्या आसपास पाऊस आणि वारा एकत्र आले की पुरतं, आणि मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. बटण लावता न येणं, पाय अडखळणं, बोलणं जडावणं, चिडचिड करणारं मूल अचानक गप्प होणं, या खुणा. ओले कपडे ताबडतोब काढा, पुसा, टोपीसह कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, आणि पूर्ण शुद्धीत असेल तर कोमट गोड पेय. हातपाय चोळू नका. कुडकुडणं थांबूनही मूल सुस्त होत असेल तर ते बरं झालेलं नाही, डॉक्टरकडे निघायची वेळ आहे.

परतीच्या वाटेवर पाणी वाहत असेल तर त्यातून गाडी घालू नका. १५ सेंटिमीटर वेगवान पाणी मोठ्या माणसाला पाडतं, ३० सेंटिमीटर छोटी गाडी वाहून नेऊ शकतं. पाणी उतरेपर्यंत थांबा.

झोपायची जागा ओली झाली, अंधार पडायला अवकाश आहे आणि वाळवायला साधन नाही, तरी घरीच जायचं. सुट्टी पुढच्या महिन्यातही येते.

आवराआवर आणि वाळवण

सगळं ताडपत्रीखाली आवरा, ताडपत्री शेवटी उतरवा. ओलं आवरण आणि कोरडा आतला भाग कधीही एकत्र गुंडाळू नका. आवरण झटकून, स्पंजने पुसून वेगळ्या पिशवीत. मेखा मोजून, चिखल पुसून.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी, फार तर २४ तासांत तंबू उलगडा. जागा नसेल तर दाराच्या वर, बाल्कनीत, खुर्च्यांवर पसरा, दर दोन तासांनी बाजू बदला. प्रखर उन्हात तासन् तास नको, अतिनील किरणांनी कापड झिजतं. शिवणी आणि पट्ट्या शेवटी वाळतात, त्या हाताने चाचपून बघा. तंबू दमट गुंडाळला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. शिवाय पॉलियुरेथेनचा लेप ओलीने हळूहळू कुजतो, चिकट होतो, उग्र वास मारतो, आणि मग तो तंबू पावसाला निकामी. डाग धुवायचे तर कोमट पाणी, मऊ स्पंज आणि सौम्य साबण एवढंच वापरा, वॉशिंग मशीन नको. पोलचे सांधे पुसून कोरडे करा. तंबू कंपनीच्या घट्ट पिशवीऐवजी मोठ्या सुती पिशवीत सैल भरून ठेवा, आणि आठवड्याने एकदा नाक घालून वास घ्या. कुबट वाटला तर पुन्हा पसरा.